आधी पाणी, मग पीक : हिवरे बाजार ते कोंभाळणे

नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आहे. तिथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवर हिवरे बाजार. तिथे वर्षाकाठी ४०० मिलिमीटर पडला तर बरे वर्ष म्हणायचे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, पण लोकांच्या तोंडी अजून नगरच, म्हणून इथेही तेच लिहिते. या दोन टोकांच्या मधोमध प्रवरेचा बागायती पट्टा, कालवे आणि साखर कारखाने. अन्न कसे पिकते आणि उद्या कसे पिकेल हे समजून घ्यायला हा एक जिल्हा नीट बघितला तरी पुष्कळ झाले, असे मला कधीचे वाटत होते.

निमित्त झाले मामेभावाचे. तो राहात्याकडे ऊस करतो. भाऊबीजेला पुण्यात आला होता. जेवताना म्हणाला, "ताई, जगात आठशे कोटी माणसं झाली. २०५० पर्यंत ९७० कोटी होतील म्हणतात. उत्पादन वाढवल्याशिवाय एवढी माणसं खाणार काय?" मी विचारले, "वाढवायचं ते कशाचं?" बोलणे रात्री उशिरापर्यंत चालले आणि शेवटी तोच म्हणाला, "चल, बघूनच येऊ. गाडी आहेच."

पहिला दिवस : पुणे ते हिवरे बाजार

शिरूर, सुपे मागे पडले की माळरान सुरू होते. नगरपासून हिवरे बाजार सोळा-सतरा किलोमीटर. गावाच्या हद्दीत शिरल्याचे पाटीआधी डोंगर सांगतो. मागचे डोंगर उघडे, इथले झाडीने भरलेले.

आधी डोंगरावर गेलो. उतारावर एकाखाली एक सलग समतल चर खणलेले आहेत. बरेचसे गाळाने अर्धे भरलेत, त्यात गवत वाळून पडलेले, कडेने सीताफळ आणि बोरी. चराच्या वरच्या अंगाची माती ठणठणीत कोरडी होती. खालच्या अंगाला बोट खुपसले तर दोन पेरांवर ओल लागली. पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते. पळणाऱ्या पाण्याला इथे थांबवले, मुरवले, आणि ते खाली विहिरींत उतरले, ही सगळी गोष्ट त्या बोटभर मातीत कळते.

गावाचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव उजाड होत गेले. लोक मजुरीला बाहेर पडले, डोंगरावरची झाडे सरपणाला गेली, दारूच्या भट्ट्या आल्या. १९८९ च्या निवडणुकीनंतर पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे ठरली. पुढे पवारांना पद्मश्री मिळाली, गावाला पुरस्कार मिळाले. मला मात्र सगळ्यांत मोठे वाटते ते पाणी आल्यानंतरचे काम. पाणी आल्यावर बिघडलेली गावे महाराष्ट्रात थोडी नाहीत. बंधारा झाला, विहिरींना पाणी आले, चार वर्षांत ऊस आला, मग बोअर आल्या आणि आठव्या वर्षी पुन्हा टँकर, हे चक्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हिवऱ्याने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, असे ठरवले आणि ते पाळले.

ग्रामपंचायतीजवळच्या फळ्यावर पावसाचे आणि पाण्याचे आकडे लिहिलेले असतात. २००४ पासून इथे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पावसाळा सरला की पर्जन्यमापकावरचा पाऊस आणि निरीक्षण विहिरींची पातळी बघून वर्षाला किती पाणी हाताशी आहे ते काढतात. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला पडते. उरले ते शेतीला, आणि त्यावरून रब्बीत काय घ्यायचे, उन्हाळी घ्यायचे की नाही हे ग्रामसभा ठरवते.

मी तिथेच कागदावर गणित मांडले. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र ९७६ हेक्टरांच्या आसपास. ४०० मिलिमीटर पडला तर वर्षाला ३९० कोटी लिटर पाणी गावाच्या अंगावर पडते. ऐकायला प्रचंड, पण त्यातले बरेच उन्हाने उडते, काही वाहून जाते, आणि उसासारख्या पिकाला एका हेक्टरलाच दोन-अडीच कोटी लिटर लागते. भाऊ शेजारून वाकून बघत होता. त्याने कागद घेतला, आकडे पुन्हा करून पाहिले आणि काही न बोलता घडी घालून खिशात ठेवला.

कांद्याच्या वाफ्यात काम करणाऱ्या एका आजोबांशी बोलले. वय ऐंशीच्या पुढचे. बहात्तरचे विचारताच म्हणाले, "तवा अन्नच नव्हतं. खडी फोडायची, सुकडी खायची. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची. भाकरी थापली तर कडं फाटायची. पण खाल्ली, काय करणार." आता त्यांच्या घरी कांदा, ज्वारी, थोडा भाजीपाला आणि दोन संकरित गायी आहेत. गावाचे दूध नव्वदच्या दशकात दिवसाला जेमतेम १५० लिटर होते, ते पुढे ४,००० लिटरपर्यंत गेले. ते डोंगरावरच्या गवतामुळे. चरायला सोडायचे नाही, विळ्याने कापून आणायचे, एवढ्या एका नियमाने गवत टिकले. चारशे मिलिमीटरच्या गावातून दूध बाहेर जाते, कांदा बाहेर जातो. भुकेचा प्रश्न उत्पादनाचा आहे असे म्हणणाऱ्यांनी हे उत्पादन कुठल्या वाटेने वाढले ते बघावे.

दुसरा दिवस : राहुरी

नगर-मनमाड रस्त्याने राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात गेलो. १९६८ ची संस्था. ज्वारीचे प्रक्षेत्र बघायची परवानगी आधीच मागितली होती.

रब्बी ज्वारी मांडीएवढी झाली होती. तिथल्या एका संशोधकांनी जे सांगितले ते शेतकऱ्याच्या घरातल्या माझ्यासारखीलाही नवीन होते. ज्वारीचे वाण इथे जमिनीच्या खोलीप्रमाणे काढले आहेत. हलक्या, मुरमाड जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, आणि भारी जमीन असून पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हातभर खोल जमीन पाऊस गेल्यावर किती दिवस ओल धरेल, तेवढ्या दिवसांत दाणा भरला पाहिजे, हा त्यामागचा विचार. एकच उत्तम वाण काढून सगळीकडे वाटण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि त्याला दाद कमी मिळते.

मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ अजून लोक पेरतात. नव्वदेक वर्षे झाली तिला. "उत्पादनात आमचे वाण पुढे आहेत, पण भाकरीच्या चवीला माणसं मालदांडीचंच नाव घेतात," संशोधक म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवे वाण काढताना भाकरी करून बघतात, कडब्याची प्रत बघतात, हे त्यांनी पुढे सांगितले. कडबा हा शब्द शहरातल्या चर्चेत कधी येत नाही. ज्वारीचे एक ताट माणसाला दाणे देते आणि जनावराला उन्हाळ्याचा चारा देते. एका पाण्यात दोघांचे पोट भरते.

बाजरीतही याच विद्यापीठाच्या धुळ्याच्या केंद्राचे काम आहे. 'धनशक्ती' हा जादा लोहाचा वाण त्यांनी हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेबरोबर दिला, महाराष्ट्रात २०१२ साली. पोषणमूल्य वाढवून काढलेला देशातला पहिला वाण म्हणून त्याची नोंद आहे. रक्तक्षयाच्या गोळ्या वाटण्याआधी भाकरीतून लोह जावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

मग ज्वारीचे क्षेत्र घटत का गेले? मी विचारले आणि उत्तर भावानेच दिले. "काढणीला माणूस नाही. रब्बी ज्वारी हातानं उपटावी लागते. फड बघूनच मजूर नको म्हणतात. वर रेशनला गहू-तांदूळ मिळतो, मग ज्वारी खाणार कोण?" संशोधकांनी मान डोलावली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, पदार्थांच्या स्पर्धा झाल्या. ज्वारी उपटणाऱ्या बाईच्या हाताला फोड येतात, त्याचा विचार त्या मानाने फार कमी झाला.

तिसरा दिवस : राहाता ते अकोले

रात्र मामाकडे काढली. सकाळी भावाचा ऊस बघितला. उसावर टीका करणे सोपे आहे, म्हणून त्याची बाजू नीट लिहिते. २०२४-२५ च्या हंगामाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर टनाला ३,४०० रुपये होता, सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर. तोडणी-वाहतूक वजा जाते, पैसे कधी उशिरा येतात, पण घेणारा ठरलेला आहे. टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो तसा ऊस कोणी ओतत नाही. "मला ज्वारीला असा एक कारखाना दाखव," तो म्हणाला, "उद्या ऊस मोडतो." याला माझ्याकडे चटकन देता येईल असे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला खात्रीची बाजारपेठ दिली. ती खात्री धान्याच्या वाट्याला आली नाही.

त्याने ठिबक केले आहे. पाटाने भिजवायचे तर एकरी वर्षाला ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी जाते, ठिबकने त्यात चांगली बचत होते. पण वाचलेले पाणी कुठे गेले, असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "शेजारच्या दीड एकरात. तिथंही ऊसच." हिवऱ्याला गावाने बसून ठरवले. इथे प्रत्येकाने आपापले ठरवले. दोन्हीकडचे शेतकरी सारखेच हुशार.

रस्त्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. पाथर्डीकडून, बीडकडून माणसे आली होती. एका कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर बाई बाजरीची भाकरी भाजत होती.

संगमनेर ओलांडून अकोल्याकडे वळलो. वाटेत निळवंडे धरणाचा कालवा. हे धरण १९७० साली मंजूर झाले आणि डाव्या कालव्याचे उद्घाटन २०२३ च्या ऑक्टोबरात झाले. मधल्या काळात लाभक्षेत्रातल्या दोन पिढ्या वाट बघत गेल्या. आता पाणी येते आहे तर ते कुठल्या पिकाला जाईल, हे त्या गावांनी आत्ताच बसून ठरवावे असे मनापासून वाटते.

चौथा दिवस : कोंभाळणे

या दिवसासाठी खरे तर सगळा प्रवास. कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचे गाव. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी बियाणे गोळा केले, जपले, वाढवले आणि वाटले. बायफ या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेची त्यांना साथ मिळाली. ही मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेली संस्था. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० ची पद्मश्री हे पुढचे. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

बियाणे बँक म्हणजे एक नीटनेटकी खोली. गटातल्या एका मावशींनी आत नेले. फडताळावर मातीची गाडगी, बरण्या, वर आढ्याला बांधलेल्या वालाच्या शेंगांच्या जुड्या. त्यांनी एक गाडगे उतरवले, तोंडावरचे फडके सोडले आणि हात आत घातला. राखेत घोळलेले घेवड्याचे दाणे बाहेर आले. तळहातावर चोळल्यावर राख गेली आणि खालून तांबूस, काळ्या ठिपक्यांचा दाणा चमकला. वास कडुलिंबाच्या पाल्याचा. "राखेनं भुंगा लागत नाही. पाला वर्षाला बदलायचा," मावशी म्हणाल्या. मग एकामागून एक दाखवत गेल्या. काळ्या कुसाचा काळभात, रायभोग, जिरवेल, नागली म्हणजे नाचणी, वरई म्हणजे जिची भगर होते ती, खुरासणी म्हणजे कारळे, वालाच्या आणि घेवड्याच्या कितीतरी जाती. प्रत्येकाबरोबर माहिती यायची. हा हलक्या मातीत येतो, हा उशिरा पेरला तरी चालतो, याचा पाला कडू म्हणून डुकरं खात नाहीत, हा बाळंतिणीला द्यायचा.

देवघेवीचा नियम साधा आहे. "एक किलो न्यायचं, पीक आलं की दोन किलो आणून द्यायचं. पैसे नको." त्यामुळे एका घरचे बी दरवर्षी दोन घरांना पुरते.

भावाने इथे खरा प्रश्न विचारला. "मावशी, याचं उत्पन्न संकरितपेक्षा कमीच ना?" मावशींनी आडपडदा ठेवला नाही. "भाताचं कमीच. काळभात उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो. पण बी विकत घ्यावं लागत नाही, औषध मारावं लागत नाही. आन् पावसानं दगा दिला तर चार जातींतली एक तरी हाताला लागतीच."

हे शेवटचे वाक्य जगाच्या अन्नाला लागू आहे. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा आला. तिथला बहुतेक संकरित मका एकाच मातृवंशाचा होता, म्हणून रोगाला आडकाठीच राहिली नाही आणि देशाचे सुमारे पंधरा टक्के पीक गेले. आज माणसाला वनस्पतींपासून मिळणारी निम्म्याहून अधिक ऊर्जा गहू, तांदूळ आणि मका या तीन पिकांतून येते असे जागतिक अन्न व कृषी संघटना सांगते. एवढा मोठा भार तीन खांबांवर. माणसे वाढतील, ऊन वाढेल, पाऊस लहरी होईल, तेव्हा नव्या वाणांसाठी जे गुण लागतील ते अशाच गाडग्यांतून शोधावे लागणार आहेत. राहुरीच्या संशोधकांना आणि कोंभाळण्याच्या मावशींना एकमेकांची गरज आहे. कोणा एकाला जुने आणि दुसऱ्याला नवे ठरवून काही हाती लागणार नाही.

जेवण त्यांच्याच घरी झाले. नागलीची भाकरी, घेवड्याची आमटी, खुरासणीची चटणी आणि वरून हातसडीचा भात. नागलीत शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदळात ते नावापुरतेच. माझ्या ताटात हे सगळे कोंभाळण्याच्या शिवारातले होते, उसासारखे एकच पीक काढणाऱ्या श्रीमंत शिवारातून असे एक ताट भरता येत नाही.

पाचवा दिवस : भंडारदरा, घाटघर, परत

भातकापणी चालू होती. धुके, कळसूबाईचा डोंगर, १९२६ चे विल्सन धरण, सगळे सुंदर आहे आणि त्यावर खूप लिहून झाले आहे. मला जे सलले ते सांगते. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या या मुलखात भात कापून झाला की अनेक घरे जुन्नर, नारायणगावकडे भाजीपाल्याच्या मळ्यांवर मजुरीला जातात. पाणी डोंगरावरून धावत धरणात जाते आणि तिथून कालव्याने खाली उसाला. वर उन्हाळ्यात हंडे. चारशेच्या गावात दुसरे पीक निघते आणि पाच हजारांच्या वाड्यांत निघत नाही.

दुपारी एका पाड्यावर नागली आणि वरईच्या खळ्यावर बसलो. वरईचे टरफल फार चिवट. एक बाई उखळात सडत होती. दोन वेळा सडायची, पाखडायची, पुन्हा सडायची. तासाभराच्या मेहनतीला दोन-अडीच किलो भगर. मी मुसळ हातात घेतले आणि दहा मिनिटांत खांदे भरून आले. भाताची गिरणी जवळ आहे, वरई सडायचे यंत्र जवळपास कुठे नाही. "म्हणून पोरी वरई लावायला नको म्हणत्यात," ती म्हणाली. हमीभाव कागदावर आहे. २०२४-२५ ला नागलीचा क्विंटलला ४,२९० रुपये होता, साध्या भाताचा २,३००. पण त्या भावाने घेणारा पाड्यापर्यंत यायला हवा. दारात येणारा व्यापारी सांगेल तो भाव, असेच चालले आहे. भरडधान्यांवर कोट्यवधी खर्च करणाऱ्यांनी वीस-पंचवीस पाड्यांमागे सडणीचे एक चांगले यंत्र आणि मोजमापाला एक वजनकाटा दिला तरी या डोंगरात वरईचे शेत वाढेल, याबद्दल मला शंका नाही.

निघण्याआधी त्या बाईंच्या बचत गटाशी बोलणे झाले. आमच्या सोसायटीतली काही घरे मिळून त्यांच्याकडून थेट धान्य घेणार आहोत. भाव त्यांनी सांगायचा, पोती अकोल्यापर्यंत त्यांनी आणायची, पुढची वाहतूक आमची. भावाने आपल्या गाडीतून पहिली खेप पोचवायचे कबूल केले आहे. नागली मळून झाली की देतील, काळभात थोडा जुना होऊ द्या म्हणाल्या, त्यामुळे तो संक्रांतीनंतर. वरईचे मात्र त्यांनी आत्ताच कबूल केले नाही. यंत्र आले तर पुढच्या वर्षी, नाहीतर घरापुरतीच.